घरगाडी चढावर गचके खाते तेव्हा

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी आपण कोड, करिअर, मोबाईल असं काहीबाही बोलतो. आज बोलायचंय इंजिनाबद्दल. त्यातही अशा गाडीच्या इंजिनाबद्दल, जिच्या मागच्या भागात आपलं घर असतं. स्वयंपाकाचा ओटा, झोपायला बाकडी, पाण्याची टाकी आणि आमच्या बाबतीत पानाचा डबा घेऊन बसलेली आजी.

लोक याला मोटारहोम म्हणतात, कॅराव्हॅन म्हणतात. आमच्या सोनपेठात पोरं सरळ घरगाडी म्हणतात, तर मीही तेच म्हणतो. तसं बघितलं तर आपल्या भागाला हे नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की सोनपेठ, गंगाखेड, परळी, धारूर या पट्ट्यातनं ऊसतोडीला निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर आठवा. ट्रॉलीत भांडी, धान्य, पांघरुणं, लेकरं, कधी शेळीसुद्धा. अख्खा संसार इंजिनाच्या मागं बांधलेला. त्यांच्यासाठी ती हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता. पण एक गोष्ट तीच आहे. इंजिन बंद पडलं की नुसता प्रवास थांबत नाही, घर रस्त्यावर उभं राहतं.

आमचं तसंच झालं. आधी ते सांगतो.

चढावर

आमची गाडी बारा सीटची, सेकंडहँड, २०१८ सालची. म्हणजे बीएस-फोर, कॉमन रेल डिझेल. सीट काढून घर केलं. (मध्येच एक सांगून ठेवतो, असा बदल परस्पर करायचा नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद लागते. नाहीतर अपघात झाल्यावर विम्यावाले हात वर करतात.) दिवाळीत एक फेरी मारली आणि नंतर माझं ऑफिसचं काम वाढलं. गाडी घरामागं लिंबाखाली उभी राहिली ती थेट आषाढापर्यंत. टाकीत डिझेल अर्ध्यापेक्षा कमी.

आजीनं तरुणपणी पायी वारी केलेली. आता गुडघे गेलेत. ती म्हणाली, "तुझं ते चाकाचं घर कशाला केलंस मग? एकदा पंढरपूर दाखव." एकादशीला सहा दिवस होते. मी, अप्पा, आई आणि आजी निघालो.

परळी सोडली, अंबाजोगाईच्या दिशेनं बालाघाटाचा चढ लागला. संध्याकाळ, भुरभुर पाऊस. गाडी तिसऱ्यात होती. एकदम असं वाटलं की कुणीतरी मागून धरून ठेवलंय. ॲक्सिलरेटर दाबतोय, पण ताकद नाही. दोन गचके, तीन गचके, डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि इंजिन बंद. वळणावर. मागं एक भरलेला ट्रक.

इथं मी जी चूक केली ती कान देऊन ऐका. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते. ब्रेक बूस्टरमध्ये थोडी ताकद साठलेली असते, ती दोन-तीनदा दाबण्यापुरतीच. मी घाबरून पॅडल दाब-सोड, दाब-सोड केलं आणि ती ताकद संपवून टाकली. पॅडल दगडासारखं घट्ट. स्टिअरिंगही जड. गाडी मागं सरकायला लागली. अप्पांनी हँडब्रेक ओढला, मी क्लच सोडून गाडी पहिल्यात टाकली, तेव्हा कुठं थांबली. आमची क्लीनरगिरी अप्पांनी केली. खाली उतरून मागच्या चाकाला दगड लावला आणि टॉर्च घेऊन वळणाच्या खाली जाऊन उभे राहिले. आजी मागं विठ्ठल विठ्ठल करतेय आणि माझे हात थरथरतायत.

तर पहिला नियम. इंजिन चढावर मेलं तर ब्रेक एकदाच दाबा, जोरात दाबा, दाबूनच धरा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, धोक्याचे दिवे लावा, चाकाला दगड लावा. घरगाडीत लाकडाचे दोन पाचर कायम ठेवा, पावसात दगड शोधत बसायची वेळ येऊ नये. माणसं गाडीतनं उतरवून रस्त्याच्या कडेला, गाडीपासून लांब. त्रिकोण मागं लांबवर ठेवा, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ आणि कुठंही असाल तर ११२. इंजिनाला काय झालंय हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पिवळा दिवा काय म्हणाला

पंधरा मिनिटांनी सहज स्टार्टर मारला. गाडी चालू! जशी काही झालंच नाही. वर अंबाजोगाईला पोचलो, मुक्काम केला. सकाळी पुढं निघालो, वीसेक किलोमीटरवर परत तेच. ताकद गेली, गचके, बंद. दहा मिनिटं थांबलो, परत चालू.

वाटेत एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी डिझेल फिल्टर बदललं. जुनं फिल्टर कापून बघितलं तर बऱ्यापैकी स्वच्छ. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय. नवं फिल्टर टाकून निघालो, तासाभरात परत बंद. पुन्हा तिथंच. आता त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी-००८७. त्याचा अर्थ, फ्युएल रेलमधला दाब कमी. ते म्हणाले, हायप्रेशर पंप गेलाय, इंजेक्टरही बघावे लागतील, चार-पाच दिवस लागतील. खर्चाचा आकडा ऐकून आई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी मोबाईलवरनं पैसे द्यायच्या तयारीत होतो, खरंच सांगतो. स्क्रीनवर कोड आला, दाब कमी म्हणाला, पंप दाब तयार करतो, म्हणजे पंप खराब. सरळ वाटलं.

पण मंडळी, मी रोज हेच काम करतो. सर्व्हर म्हणतो, डेटाबेसकडून उत्तर आलं नाही. म्हणून कुणी डेटाबेस फेकून देतं का? आधी बघतो की विनंती तिथंपर्यंत पोचली का. एरर मेसेज काय बिघडलं ते सांगतो, का बिघडलं ते सांगत नाही. पंपापर्यंत डिझेलच आलं नाही तर बिचारा पंप दाब कशाचा करणार?

अप्पांनी गावातल्या मिस्त्रींना फोन लावला. हा माणूस ट्रॅक्टरवाला. त्यांच्या दुकानात लॅपटॉप नाही. त्यांनी फोनवर चार प्रश्न विचारले.

"कधी बंद पडती? थंड असताना का तापल्यावर?"
"चढावर का सपाटीला?"
"धूर कसला निघतो?"
"थांबून परत चालू होती, तर किती वेळानं?"

मी उत्तरं दिली. चढावर, ओझं पडल्यावर. धूर अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटांनी परत चालू. ते म्हणाले, "पंपाला हात लावू देऊ नको. तिला खायला मिळंना. हळूहळू माघारी घेऊन ये."

आम्ही माघारी फिरलो. आजी काही बोलली नाही. तिनं पिशवीतनं माळ काढली आणि डोळे मिटून बसली. एकादशीला चार दिवस राहिले होते. घाट उतरताना, सपाटीला, हळू चालवताना गाडी एकदाही बंद पडली नाही. तेव्हा कळलं नाही, पण ती सुद्धा माहितीच होती. कमी डिझेल लागतं तेव्हा पुरतं, जास्त लागतं तेव्हा पुरत नाही.

प्रश्नाचे दोन तुकडे

सोनपेठात मिस्त्रींनी सगळ्यात आधी काय केलं? टाकीचं झाकण उघडलं. फुस्स असा आवाज येतो का ते कान लावून ऐकलं. डिझेल कमी होतं तशी टाकीत हवा आत जावी लागते. तो रस्ता बुजला की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल पुढं जात नाही. झाकण उघडल्यावर फुस्स झालं आणि गाडी सुधारली, तर आजार झाकणाचा. आमच्यात आवाज आला नाही. खर्च शून्य रुपये, वेळ एक मिनिट, एक शक्यता गेली.

मग त्यांनी वीस लिटरचा स्वच्छ कॅन घेतला. टाकीकडून येणारी नळी काढली, तिच्या जागी कॅनमधून पारदर्शक नळी जोडली. परत येणारं डिझेलही कॅनमध्येच सोडलं. कॅन बाहेरून फ्रेमला पक्का आवळून बांधला, सायलेन्सरपासून लांब. हातपंप मारून हवा काढली. आणि आम्ही गाडी त्याच चढावर नेली.

एका दमात चढली. तिसऱ्या गिअरमध्ये, सगळं सामान आत असताना.

हा प्रयोग तुम्ही स्वतः करू नका. कॉमन रेलच्या पुढच्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब असतो, चालू इंजिनावर त्या सैल केल्या तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. मिस्त्रींनी हात लावला तो कमी दाबाच्या बाजूला, इंजिन बंद असताना. पण प्रयोगामागचा विचार प्रत्येकानं घ्यावा. त्यांनी गाडीचे दोन तुकडे केले. इकडं टाकी आणि नळी, तिकडं पंप आणि इंजिन. एका फेरीत अर्धी गाडी निर्दोष सुटली, तीही महाग अर्धी. आपण याला बायनरी सर्च म्हणतो आणि इंटरव्ह्यूसाठी पाठ करतो. मिस्त्री शब्द वापरत नाहीत, कॅन वापरतात. पारदर्शक नळी का? बुडबुडे दिसले तर नळी कुठंतरी हवा धरतेय हेही त्याच फेरीत कळतं.

टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला जाळी असते. तिच्यावर काळपट, बुळबुळीत, जेलीसारखा थर. आठ महिने गाडी उभी, टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या जागेतल्या हवेत ओलावा असतो, रात्री गार पडलं की टाकीच्या भिंतीवर पाणी धरतं आणि तळाला जातं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं बुरशी, जिवाणू वाढतात. हा त्यांचाच गाळ. चढावर इंजिन जोरात डिझेल ओढतं, गाळ जाळीला चिकटतो, वाट बंद. इंजिन मेलं की ओढ संपते, गाळ खाली बसतो, पंधरा मिनिटांनी वाट मोकळी. आणि फिल्टर स्वच्छ का निघालं? कारण घाण फिल्टरपर्यंत पोचतच नव्हती.

टाकी धुतली, जाळी साफ केली, नळ्यांतनं हवा मारली, नवं डिझेल भरलं. दीड दिवसाचं काम. पंपाचं जे सांगितलं होतं त्याच्या पासंगालाही न पुरणारा खर्च.

गाडी काय सांगतेय ते कसं ओळखायचं

आता तुमच्या कामाचं. लिहून घ्यायचं तर घ्या.

आधी धूर बघा. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर पण हवा कमी. एअर फिल्टर बघा, टर्बोचा पाईप फाटलाय का, निसटलाय का बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा वेळ येतो, ते चालतं. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर, गोडसर वास आणि कूलंट कमी होतंय, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय. गाडी पुढं नेऊ नका. आणि ताकद नाही, पण धूरही नाही, तर आमच्यासारखं. डिझेल पोचत नाहीये.

मग स्टार्टर ऐका. इंजिन हळूहळू कण्हत फिरतंय, तर बॅटरी किंवा तिच्या तारा. घरगाडीत हा घोळ जास्त, कारण दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, एक घराची. मधला रिले चिकटला की रात्रभर पंखा, दिवे, फ्रिज इंजिनाच्या बॅटरीवर चालतात आणि सकाळी गाडी उठत नाही. दोनेकशे रुपयांचा साधा मीटर ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. इंजिन जोमानं फिरतंय पण पेटत नाहीये, तर बॅटरी बदलून उपयोग नाही, डिझेलच्या बाजूला शोधा.

तिसरं, ताप. घरगाडीचं ओझं कायम अंगावर असतं. रिकामी अशी ती कधी नसतेच. मराठवाड्यातला मे महिना, चढ आणि एसी, काटा वर जायला वेळ लागत नाही. काटा चढतोय दिसलं की एसी बंद, हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात. तुम्ही भाजाल, पण इंजिनाची उष्णता बाहेर जाईल. तरीही खाली येत नसेल तर बाजूला घ्या आणि बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही म्हणजे नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. चांगला तासभर थांबा.

दिव्यांचं सोपं आहे. पिवळा दिवा म्हणजे जपून जा, दाखवून घ्या. लाल दिवा म्हणजे थांबा. त्यातही ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर पुढचा पंप, पुढचं गाव, असलं काही नाही. सुरक्षित बाजूला घेऊन तिथंच इंजिन बंद. ऑइलशिवाय इंजिन काही मिनिटांत जाम होतं.

ज्यांची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-सिक्स आहे, त्यांना आणखी एक. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. एसीसाठी तासन्‌तास इंजिन जागेवर चालू ठेवलं की तो तुंबतो. त्याचा दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मध्ये बंद करू नका. आणि ज्यांच्या गाडीत डीईएफची टाकी आहे त्यांनी ती संपू द्यायची नाही. आधी इशारे येतात, मग गाडी ताकद कमी करते किंवा परत चालूच होत नाही.

आणि हे कळकळीनं सांगतो. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका. जनरेटरही खिडकीजवळ लावू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. उकडलं तर खिडक्या उघडा. डास चावू द्या.

वहीचं एक पान

त्या चार प्रश्नांची मी आता वही केलीय. दर बिघाडाला एक ओळ. तारीख, किती किलोमीटरला, टाकीत किती डिझेल, थंड का गरम, चढ का सपाट, धूर, आवाज, दिवा, कशानं ठीक झालं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज केला तरी चालेल. तीन ओळी झाल्या की पॅटर्न दिसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, पंप, सेन्सर सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली हे कुणालाच कळत नाही. पैसे मात्र सगळ्यांचे गेलेले असतात.

वर्कशॉपमध्ये गेल्यावर "पंप बघा" असं म्हणू नका. "चढावर, धूर न येता बंद पडते, पंधरा मिनिटांनी चालू होते" असं म्हणा. निदान त्यांना करू द्या, पण माहिती पूर्ण द्या. आणि मोठा पार्ट सांगितला तर शांतपणे विचारा, "हाच खराब आहे हे कशावरून?" ते वर्कशॉपवाले फसवत होते असं मला वाटत नाही. त्यांनी कोड वाचला आणि मी त्यांना पुरेसं सांगितलंच नव्हतं.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, हवेला जागाच नको. फिल्टरखाली पाणी सोडायचा बोल्ट असतो, निघायच्या आधी तो सैल करून पाणी काढा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रोज पाच मिनिटं जागेवर चालू करून बंद करणं हा काही उपाय नाही. इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये ओल साठते. त्यापेक्षा तीन-चार आठवड्यांनी अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा. आणि बॉनेट उघडून उंदरांनी तारा कुरतडल्यात का बघा. सोनपेठात तरी बघाच.

२०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्या वाढतायत, तुमच्यापैकी किती जण रील बघून स्वप्न रंगवतायत मला माहितीय. रंगवा. फक्त रीलमध्ये वळणावर मागं सरकणारी गाडी दाखवत नाहीत, म्हणून हा भाग केला.

दशमीच्या रात्री आम्ही पंढरपुरापासून बरंच अलीकडे गाडी लावली. पुढं गाड्या सोडत नव्हते. रस्त्यानं दिंड्या चाललेल्या. आजीला दारात खुर्ची टाकून दिली. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, "त्या मिस्त्रीला प्रसाद न्यायचा बरं का. ध्यानात ठेव."

ठेवला. पेढे आणि बुक्का. मिस्त्रींनी काळ्या हातानंच बुक्का कपाळाला लावला आणि विचारलं, "डिझेल आता काठोकाठ ठेवतोस ना?"

ठेवतो. तुम्हीही ठेवा. भेटू पुढच्या भागात. राम राम मंडळी!